उतारवयात व्यायामाचा आरंभ

व्यायाम हा तारुण्याचा विषय आहे, अशी समजूत आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. तालीम आणि मैदान ही तरुणांची. साठी उलटलेल्या माणसाने विश्रांती घ्यावी आणि घरच्यांनी त्याला पाण्याचा पेलासुद्धा जागेवर आणून द्यावा, यातच त्याचा मान राखला जातो, असे मानण्याची चाल आहे. ज्याचे सारे आयुष्य कचेरीत किंवा दुकानाच्या गादीवर बसून गेले, अशा गृहस्थास कोणी व्यायामाचा सल्ला दिला, तर 'आता या वयात काय उपयोग?' असे उत्तर बहुधा मिळते. चूल आणि मूल यांतून उसंत न मिळालेल्या स्त्रीचे उत्तरही याहून निराळे नसते. परंतु या उत्तरात एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. व्यायामाला प्रतिसाद देण्याची शरीराची शक्ती वयाबरोबर संपुष्टात येते काय?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. २०११ सालच्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील स्त्री-पुरुषांची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि तेव्हापासून ती वाढतच आहे. त्यांच्यापैकी अनेकांना मृत्यूपेक्षाही परावलंबनाची भीती अधिक वाटते. खुर्चीतून उठताना कोणाचा तरी हात शोधावा लागणे, स्नानगृहात पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे, मग अंथरुणाला खिळणे, ही संकटे पुष्कळदा एकामागून एक येतात. त्यांतील किती अटळ आणि किती टाळता येण्यासारखी, हे ठरविण्यासाठी गेल्या काही दशकांत जे प्रयोग झाले, त्यांतील काही महत्त्वाचे प्रयोग बंगळूरच्या संशोधकांनी केलेले आहेत.

वयाची झीज आणि अनुपयोगाची झीज

वाढत्या वयाबरोबर शरीरात कोणते फेरफार होतात, ते प्रथम पाहू. स्नायूंचे आकारमान घटते. त्यातही झटक्याने जोर लावण्यास उपयोगी पडणारे तंतू अधिक प्रमाणात कमी होतात. हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग मंदावतो, रक्तवाहिन्या ताठर बनतात, हाडे विरळ होतात. श्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापावरून माणसाची श्रमक्षमता ठरवितात. हे मापही दर दशकास सुमारे एकदशांशाने उतरत जाते.

तथापि ही सारी घट केवळ वर्षे लोटल्यामुळे होते, असे मात्र नाही. न वापरलेले अवयव तरुणपणीही क्षीण होतात. हाड मोडल्यामुळे काही आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवलेला मुलाचा पाय बाहेर काढल्यावर किती बारीक झालेला दिसतो, हे अनेकांनी पाहिले असेल. म्हातारपणी वय आणि अनुपयोग ही दोन्ही कारणे एकत्र काम करीत असतात व त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळून जातात. ती वेगळी कशी करावयाची, हा शास्त्रज्ञांपुढील मुख्य प्रश्न होता.

त्यावर विलक्षण प्रकाश टाकणारा प्रयोग १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावण्यात आले. एवढ्या अल्पकाळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एकचतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, म्हणजे त्यांनी पन्नाशी गाठल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. मधल्या काळात त्यांची वजने वाढली होती आणि श्रमक्षमताही घटली होती. परंतु तीस वर्षांत झालेली ही घट तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या शय्यावासाने झालेल्या घटीपेक्षा कमी भरली! यानंतर त्यांच्याकडून सहा महिने चालणे, मंद धावणे व सायकल चालविणे असा हळूहळू वाढत जाणारा व्यायाम करून घेतला. त्यामुळे त्यांची क्षमता विसाव्या वर्षी, शय्यावासापूर्वी, जेवढी होती त्या पातळीवर परत आली. हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग पूर्ववत झाला नाही, ही वयाची खरी झीज. परंतु रक्तातील प्राणवायू खेचून घेण्याची स्नायूंची शक्ती वाढली आणि तिने ती उणीव भरून काढली.

बंगळूरच्या संशोधकांचे प्रयोग

पन्नाशीची गोष्ट निराळी आणि सत्तरी-पंचाहत्तरीची निराळी, असे कोणी म्हणेल. बंगळूरच्या विवेकानंद योग संशोधन प्रतिष्ठानच्या संशोधकांनी नेमका याच वयोगटाचा विचार केला. त्यांनी एका वृद्धाश्रमातील ६९ रहिवाशांचे तीन गट केले. एका गटास योगासने, श्वासनियमन, शिथिलीकरण व योगविषयक व्याख्याने असा कार्यक्रम दिला. दुसऱ्यास एक आयुर्वेदीय औषधी योग दिला. तिसरा गट नेहमीच्या दिनक्रमावरच ठेवला. सहा महिन्यांनंतर योग करणाऱ्यांना झोप लागण्यास पूर्वीपेक्षा सरासरी सुमारे दहा मिनिटे कमी लागू लागली आणि झोपेचा एकूण काळ सुमारे एका तासाने वाढला. सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटण्याचे प्रमाणही वाढले. उरलेल्या दोन गटांत असा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच मालिकेतील पुढील निबंधांत योगाच्या गटातील वृद्धांचे चालणे व तोल सुधारल्याचे आणि मनाची खिन्नता कमी झाल्याचे नमूद केलेले आहे.

यानंतर बंगळूरच्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे 'निम्हान्स' या नावाने सर्वपरिचित असलेल्या संस्थेने, नऊ वृद्धाश्रमांतील १२० स्त्री-पुरुषांवर अधिक विस्तृत प्रयोग केला. त्यांपैकी ६२ जणांना योगाच्या गटात व ५८ जणांना प्रतीक्षेच्या गटात घालण्यात आले. योगाच्या गटास पहिला महिना नित्य शिक्षण, पुढे तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्याचे वर्ग आणि त्यानंतर सहा महिने पूर्ण होईपर्यंत स्वतःच सराव चालू ठेवण्यास उत्तेजन, अशी व्यवस्था होती. अखेरीस त्यांची झोप आणि एकंदर जीवनमान, तसेच स्मरण व अवधान यांच्या काही चाचण्यांतील कामगिरी दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली.

कोणास कोणत्या गटात घालावयाचे, हे अशा प्रयोगांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपविलेले असते. शाळेतील विद्यार्थ्यांनी या गोष्टीचे मर्म ध्यानात घ्यावे. ज्यांना हौस आहे त्यांना व्यायाम द्यावयाचा आणि ज्यांना नाही त्यांना वगळावयाचे, असे केले असते, तर हौशी माणसे मुळातच अधिक सुदृढ असल्याचा संभव होता. मग जो फरक दिसला, तो व्यायामाचा की मूळच्या प्रकृतीचा, हे कळणे अशक्य झाले असते.

या प्रयोगांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निम्हान्सच्या प्रयोगात आरंभ केलेल्या १२० जणांपैकी ८७ जणच शेवटपर्यंत टिकले. योगाच्या कार्यक्रमात शरीराची हालचाल, श्वास, विश्रांती आणि सहवास हे सर्व एकत्र असल्यामुळे त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे त्यावरून सांगता येत नाही. तरीही ज्या वयात 'आता काही उपयोग नाही' असे मानले जाते, त्याच वयात व वृद्धाश्रमातील साध्या परिस्थितीत आरंभ करूनही मोजता येण्याजोगा लाभ झाला, एवढे या प्रयोगांनी निश्चित दाखविले.

नव्वदीतील स्नायू

योगाचा व्यायाम सौम्य असतो. स्नायूंना जड वजनाचा भार दिला, तर अतिवृद्ध शरीर तो सोसू शकेल काय? १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथील शुश्रूषागृहात दहा अशक्त वृद्धांवर याचा प्रयोग झाला. त्यांची वये ८६ ते ९६ वर्षे होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे त्यांच्या पायांना वजन उचलण्याचा चढत्या भाराचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या पावणेतीन पट झाली. मांडीच्या स्नायूंचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. दोघांनी तर चालताना काठी टेकण्याचे सोडले.

शक्ती पावणेतीन पट झाली, पण स्नायू एवढा थोडाच वाढला, ही विसंगती वाटेल. परंतु तिच्यातच व्यायामाच्या कार्याचे एक रहस्य आहे. मेंदूपासून निघालेली आज्ञा ज्या मज्जातंतूंवाटे स्नायूंपर्यंत जाते, ते तंतू सवय सुटल्यामुळे सर्व स्नायुतंतूंना एकाच वेळी कामास लावू शकत नाहीत. व्यायामाने प्रथम ही आज्ञाव्यवस्था सुधारते. स्नायूंची वाढ मागाहून होते. म्हणूनच उशिरा आरंभ करणाऱ्यास पहिल्या काही आठवड्यांतच फरक जाणवतो.

शरीरात काय घडते?

स्नायुतंतूंच्या कडेला काही पेशी सुप्तावस्थेत राहतात. तंतूवर ताण पडून त्यास सूक्ष्म इजा झाली, की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळून त्याची डागडुजी करतात. वृद्धापकाळी त्यांची संख्या व तत्परता कमी झाली, तरी त्या नाहीशा होत नाहीत. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. प्राणवायूच्या साहाय्याने अन्नापासून ऊर्जा निर्माण करणे हे त्यांचे काम होय. नियमित चालण्याने त्यांचे कार्य सुधारते आणि स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळेही दाट होते. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेऊ शकतो. मधुमेहाच्या रुग्णास चालण्याचा सल्ला देतात, त्याचे एक कारण हेच. हाडांवर भार पडला म्हणजे हाड घडविणाऱ्या पेशींना उत्तेजन मिळते.

तोल सांभाळण्याची क्रिया याहून गुंतागुंतीची आहे. डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय व सांधे यांकडून येणाऱ्या संवेदना मेंदू एकत्र जुळवितो आणि क्षणार्धात स्नायूंना योग्य आज्ञा देतो. ही जुळणी सरावाने सुधारते. वृद्धांच्या व्यायामावरील १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली घेण्यात आला. त्यात तेवीस हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले.

मेंदूवरील परिणामांचा अभ्यास अद्याप चालू आहे. ५५ ते ८० वर्षांच्या १२० व्यक्तींवरील एका प्रयोगात वर्षभर चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित असा हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले. निम्हान्सच्या संशोधकांनीही २०१३ साली, सहा महिने योग करणाऱ्या सात वृद्धांत हा भाग वाढल्याचे नमूद केले. परंतु सात ही संख्या फार लहान असल्यामुळे तो केवळ एक संकेत समजावा.

आयुष्य वाढते काय?

अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. जे तारुण्यापासून सतत व्यायाम करीत आले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा २९ ते ३६ टक्क्यांनी कमी होते. जे आधी फारसा व्यायाम करीत नव्हते, परंतु चाळिशीनंतर ज्यांनी तो वाढविला, त्यांच्यातही ते ३२ ते ३५ टक्क्यांनी कमी आढळले. उशिरा आलेले आधी आलेल्यांच्या जवळजवळ बरोबरीने बसले, असा याचा अर्थ होतो. मात्र ही पाहणी होय, प्रयोग नव्हे. ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच व्यायामास प्रवृत्त होतात, हा वर सांगितलेला संभव येथे पूर्णपणे दूर करता येत नाही.

आयुष्य लांबते की नाही, यापेक्षा ते कसे जाते, याविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ व्यक्तींवर अमेरिकेत झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटास चालणे, शक्तीचे व तोलाचे व्यायाम असा कार्यक्रम दिला होता. दुसऱ्यास आरोग्यविषयक व्याख्याने दिली होती. सुमारे अडीच वर्षांच्या काळात ४०० मीटर चालण्याची शक्ती गमावलेल्यांचे प्रमाण व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के, तर व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के होते. ४०० मीटर म्हणजे घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत येण्याइतके अंतर. ते स्वतःच्या पायांनी चालता येणे हेच वृद्धाचे स्वातंत्र्य होय.

मर्यादा

उशिरा आरंभ केल्याने सर्वच नुकसान भरून येते, असे मात्र समजू नये. डॅलस येथील संशोधकांनी २०१८ साली दाखविले, की ४५ ते ६४ वर्षांच्या बैठे जीवन जगणाऱ्यांनी दोन वर्षे नियमित व्यायाम केल्यास हृदयाचा ताठरपणा कमी होतो. परंतु सत्तरीच्या आसपासच्या व्यक्तींवर त्यांनीच पूर्वी केलेल्या वर्षभराच्या प्रयोगात श्रमक्षमता वाढली, ताठरपणा मात्र फारसा बदलला नाही. म्हणजे लवकर आरंभ करणे केव्हाही श्रेयस्कर. उशिरा केलेला आरंभ त्याच्या खालोखाल होय. आणखी एक गोष्ट अशी, की मिळविलेला लाभ साठवून ठेवता येत नाही. बॉस्टनच्या वृद्धांनी व्यायाम थांबविल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्यांची शक्ती ३२ टक्क्यांनी घटली. व्यायाम हा जेवणासारखा आहे. कालच्या जेवणावर आजची भूक भागत नाही.

आरंभ कसा करावा?

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथील सकाळ बहुतेक वर्षभर सुखद असते. लालबाग आणि कब्बन पार्क यांतून पहाटे फिरणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसे पुष्कळ दिसतात. परंतु जवळ उद्यान नसले, तरी अडण्याचे कारण नाही. घराची गच्ची, जिन्याच्या पायऱ्या आणि एक भक्कम खुर्ची एवढे साहित्य पुरेसे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी व वृद्धांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत आणि पासष्टीच्या पुढील व्यक्तींनी तीन दिवस तोलाचे व्यायाम जोडावेत. हे आकडे पाहून नवख्याने दचकू नये. प्रथम दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्यास थोडी भर घालावी. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, इतपत वेग योग्य समजावा. जेवणानंतरची शतपावली चांगलीच. पण तेवढ्याने या व्यायामाचे काम भागत नाही.

स्नायूंसाठी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे व सावकाश बसणे हा उत्तम व्यायाम आहे. जमिनीवर बसून जेवण्याची जुनी चाल ज्या घरांत टिकून आहे, तेथे हा व्यायाम आपोआप घडत असतो. तोलासाठी भिंतीजवळ उभे राहून एका पायावर काही क्षण थांबावे किंवा टाचेपुढे टाच ठेवीत सरळ रेषेत चालावे. आधारास हात जवळ असावा. स्नायू घडण्यास प्रथिने लागतात, म्हणून आहारात डाळी, उसळी, दूध यांची उणीव नसावी.

आधार घेण्यात कमीपणा नाही. कोलार जिल्ह्यातील बेल्लूर येथे १९१८ साली जन्मलेले आणि पुढे पुण्यास स्थायिक झालेले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे, दोर, लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने आसने शिकविण्याची पद्धती विकसित केली. त्यामुळे ताठरलेल्या शरीरांनाही ती साधू लागली. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी वर्षे उलटल्यावर त्यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले होते. फौजासिंग हे नव्वदीच्या उंबरठ्यावर मॅरेथॉन शर्यतीत उतरले. अशी उदाहरणे स्फूर्ती देतात. परंतु ती अपवादात्मक आहेत. सामान्य माणसाने त्यांची बरोबरी करण्याची गरज नाही.

हृदयविकार, मधुमेह, वाढलेला रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे असणाऱ्यांनी आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करताना छातीत दुखू लागल्यास, घेरी आल्यास किंवा नेहमीपेक्षा फार धाप लागल्यास तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी. कुटुंबीयांचेही याबाबतीत एक कर्तव्य आहे. वृद्धाचे प्रत्येक काम त्याच्या हातून काढून घेणे ही सेवा वाटली, तरी तिने त्याचे स्नायू दुबळे होतात. त्याला जे करता येते ते त्याला करू द्यावे, त्याच्याबरोबर चार पावले चालावे आणि ती वाट निसरडी किंवा अंधारी नसेल, एवढी काळजी घ्यावी.

'आता या वयात काय उपयोग?' या प्रश्नाचे उत्तर बंगळूरच्या संशोधकांच्या व बॉस्टनच्या वृद्धांनी आपल्या शरीरानेच दिलेले आहे. श्रमाला प्रतिसाद देण्याची शक्ती वयाबरोबर मंदावते. परंतु माणूस जिवंत असेपर्यंत ती सहसा पूर्णपणे विझत नाही. तिला काम देणे, आणि ते रोज देणे, हे प्रत्येकाच्या स्वाधीन आहे.